डोकी मोजणारे आणि डोक्याचा भाव ठरविणारे

अमेरिकेत सप्टेंबर महिना उजाडला की दूरचित्रवाणीचा बाजार भरतो. मे महिन्यात न्यूयॉर्कला मोठ्या नेटवर्क कंपन्या जाहिरातदारांपुढे आपल्या नव्या मालिका मांडतात, वर्षभराचे सौदे तेथेच मोठ्या प्रमाणात ठरतात आणि सप्टेंबरच्या अखेरीस शरद ऋतूबरोबर या मालिका पडद्यावर येतात. तिकडे या हंगामाला 'फॉल सीझन' म्हणतात. एका बाजूला नव्या मालिका आणि दुसऱ्या बाजूला उन्हाळ्याची सुटी संपवून परतणाऱ्या जुन्या मालिका, असा हा सामना असतो. चार-सहा आठवड्यांत निकाल लागतो. वर्तमानपत्रे आकडे छापतात, जिंकलेल्यांची छायाचित्रे झळकतात, हरलेल्या मालिका गुपचूप गुंडाळल्या जातात. आणि दरवर्षी एकच वाक्य ऐकविले जाते, की हा जनतेचा कौल आहे.

हा कौल खरोखर जनतेचा असतो काय? हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने गेली सत्तर वर्षे विचारला आहे आणि त्याचे जे उत्तर त्यांना अनुभवातून मिळाले, ते आपणही समजून घेण्यासारखे आहे. जेथे डोकी मोजून निर्णय होतो असे सांगितले जाते, तेथे मोजणारा कोण, कोणाला मोजतो आणि मोजल्यानंतर प्रत्येक डोक्याचा भाव कोण ठरवितो, हे तपासल्याशिवाय त्या निर्णयाला लोकांचा निर्णय म्हणता येत नाही.

प्रथम ही मोजणी कशी चालते ते पाहू. १९५० पासून अमेरिकेत हे काम प्रामुख्याने नील्सन नावाची एक खासगी कंपनी करीत आली आहे. ती सर्व घरे मोजत नाही. काही निवडक घरांत यंत्र बसविते आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधते. २००० सालच्या सुमारास अमेरिकेत टीव्ही असलेली सुमारे दहा कोटी घरे होती आणि राष्ट्रीय रेटिंगसाठी यंत्रे होती सुमारे पाच हजार घरांत. म्हणजे एक घर वीस हजार घरांच्या वतीने बोलत होते. आज ही संख्या वाढून चाळीस हजारांच्या घरात गेली आहे. नमुना घेऊन अंदाज बांधणे हे शास्त्र आहे, त्यात गैर काही नाही. भाताचे एक शीत दाबून भात शिजला की नाही हे कळते. पण शीत कोणत्या भांड्यातून उचलले, हा प्रश्न उरतोच.

या मोजणीतून दोन आकडे निघतात. टीव्ही असलेल्या एकूण घरांपैकी किती टक्के घरांनी मालिका पाहिली, ते रेटिंग. त्या वेळी ज्यांचे टीव्ही चालू होते त्यांपैकी किती टक्क्यांनी पाहिली, तो शेअर. पण जाहिरातदाराचे समाधान एवढ्याने होत नाही. त्याला विचारायचे असते की पाहणारा कोण आहे? त्याचे वय किती, कमाई किती, तो शहरात राहतो की खेड्यात, तो मोटार घेईल की नाही? म्हणून १८ ते ४९ वयोगटाचा आकडा वेगळा काढला जातो आणि अनेक वर्षे भाव ठरला तो याच आकड्यावर. येथे एक गोष्ट स्पष्ट होते. आपण समजतो की वाहिनी आपल्याला मालिका विकते. प्रत्यक्षात ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकते. मालिका ही गळाला लावलेली आमिषाची गोळी आहे, मासा आपण आहोत. आणि बाजारात सगळ्याच माशांना सारखा भाव मिळत नाही.

नव्या मालिकांचे आणि परतणाऱ्या मालिकांचे गणित या भावावरच चालते. नवी मालिका बहुधा पहिल्याच वर्षी मरते. तिला ओळख नसते, म्हणून तिच्या आधी कोणती लोकप्रिय मालिका लागते यावर तिचे निम्मे नशीब अवलंबून असते. गाजलेल्या मालिकेच्या शेपटाला बांधून दिली तर ती तरते, शुक्रवारी रात्री एकटी सोडली तर बुडते. परतणाऱ्या मालिकेचा प्रेक्षक ठरलेला असतो, परंतु तो दरवर्षी थोडा थोडा गळतो आणि कलाकारांचे मानधन मात्र वाढत जाते. तरीही शंभराच्या आसपास भाग झाले की तिचे पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून मोठी कमाई होते, म्हणून कित्येक मालिका कमी आकड्यांवरही जगविल्या जातात. याचा अर्थ असा की कोणाला शेपटाला बांधायचे, कोणाला एकटे सोडायचे आणि कोणाला आणखी एक वर्ष द्यायचे, हे प्रेक्षक मोजण्याच्या अगोदर कोणीतरी ठरविलेले असते. आकडा नंतर येतो, संधी आधी वाटली जाते.

आकडा असूनही मालिका कशी मारली जाते, याचे उत्तम उदाहरण १९७१ चे आहे. सीबीएस या त्यावेळच्या आघाडीच्या नेटवर्कने 'द बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स', 'मेबेरी आरएफडी', 'ही हॉ' अशा ग्रामीण वळणाच्या मालिका एका झटक्यात काढून टाकल्या. यांपैकी 'मेबेरी' आणि 'ही हॉ' त्या वर्षी पहिल्या विसांत होत्या. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचा प्रेक्षक वयस्कर, खेड्यातला आणि कमी पैसेवाला होता. 'ही हॉ' पुढे नेटवर्कच्या बाहेर, स्थानिक केंद्रांना थेट विकून आणखी वीस वर्षे चालली. म्हणजे प्रेक्षक होताच, जाहिरातदाराला तो नको होता. हा प्रेक्षक बहुतांशी गोरा होता, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. गोऱ्या गरिबाची ही गत, तर ज्याच्या वाट्याला गरिबीबरोबर वर्णही आला त्याची काय असेल?

१९५६ च्या नोव्हेंबरात एनबीसीने नॅट किंग कोल या कृष्णवर्णीय गायकाचा कार्यक्रम सुरू केला. कोल यांचा आवाज गोऱ्यांच्या घराघरांत रेकॉर्डवर वाजत होता. मोठमोठे कलावंत त्यांच्या कार्यक्रमात आले. परंतु एकही राष्ट्रीय जाहिरातदार कार्यक्रमाचा कायम प्रायोजक होण्यास तयार झाला नाही. दक्षिणेकडील राज्यांत आपल्या मालावर बहिष्कार पडेल, ही भीती होती. वर्षभरानंतर, डिसेंबर १९५७ मध्ये, कार्यक्रम बंद झाला. गाणे चालते, गाणाऱ्याचे घरात येणे चालत नाही. हा व्यवहार आपल्या वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९६८ च्या शरदात एनबीसीनेच 'ज्युलिया' आणली. डायन कॅरोल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने त्यात व्हिएतनाम युद्धात पती गमावलेल्या एका परिचारिकेची भूमिका केली. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन सहा महिनेही झाले नव्हते, शहरे जळत होती, आणि ही ज्युलिया सुंदर घरात शांतपणे राहत होती. वास्तवापासून दूर म्हणून कृष्णवर्णीय विचारवंतांनीच तिच्यावर टीका केली आणि ती टीका रास्त होती. पण रेटिंगच्या दृष्टीने काय झाले? नवी मालिका असूनही ती त्या हंगामात सातव्या क्रमांकावर आली. कृष्णवर्णीय नायिका गोरा प्रेक्षक पाहणार नाही, हा सिद्धांत पहिल्याच वर्षी खोटा ठरला.

१९८४ च्या सप्टेंबरात 'द कॉस्बी शो' आला. ही कल्पना एबीसीने आधी नाकारली होती. एनबीसी तेव्हा तीन नेटवर्कमध्ये तळाशी होते. या एका मालिकेने त्याला वर उचलले. सलग पाच हंगाम ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली, शेवटच्या हंगामात हा मान तिने 'रोझॅन'बरोबर वाटून घेतला. बिल कॉस्बी यांच्यावर पुढे लैंगिक अत्याचाराचे अतिशय गंभीर आरोप झाले, २०१८ मध्ये ते दोषी ठरले आणि २०२१ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने प्रक्रियेच्या मुद्द्यावर ती शिक्षा रद्द केली. त्या व्यक्तीचा गौरव करण्याचे कारण नाही. परंतु त्या यशातून जो धडा निघत होता, तो नेटवर्कच्या मालकांनी घेतला नाही. गोऱ्यांची एखादी मालिका चालली की तिच्यासारख्या दहा निघतात. कृष्णवर्णीयांची मालिका चालली की तो अपवाद मानला जातो, आणि पडली की तो नियम मानला जातो. दोन मापे, दोन न्याय.

१९९० च्या दशकात हे अधिक उघडे पडले. रुपर्ट मर्डोक यांचे फॉक्स हे चौथे नेटवर्क नवे होते. त्याला प्रेक्षक हवे होते आणि तीन मोठी नेटवर्क ज्यांच्याकडे पाहत नव्हती तो कृष्णवर्णीय प्रेक्षक मोकळा होता. फॉक्सने 'इन लिव्हिंग कलर', 'मार्टिन', 'रॉक', 'लिव्हिंग सिंगल' अशा मालिका दिल्या. डिसेंबर १९९३ मध्ये फॉक्सने अमेरिकन फुटबॉलचे मोठे हक्क मिळविले, गोरा पुरुष प्रेक्षक दारात आला, आणि १९९४ मध्ये 'इन लिव्हिंग कलर', 'रॉक', 'सिनबॅड शो' आणि 'साउथ सेंट्रल' या चार मालिका एकदम बंद केल्या. शिडी म्हणून वापरायचे आणि माडीवर चढले की शिडी लाथाडायची! पुढे यूपीएन आणि डब्ल्यूबी ही दोन छोटी नेटवर्क १९९५ च्या जानेवारीत निघाली. त्यांनीही हाच मार्ग धरला.

त्याच १९९४ च्या शरदातील एक योगायोग पाहा. 'लिव्हिंग सिंगल' ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या सहा तरुण कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणींची मालिका. यवेट ली बाउझर या कृष्णवर्णीय लेखिकेने ती १९९३ मध्ये निर्माण केली होती. दुसऱ्या वर्षी ती गुरुवारी रात्री साडेआठला लागू लागली. त्याच गुरुवारी, त्याच साडेआठला, एनबीसीने एक नवी मालिका आणली. न्यूयॉर्कमध्ये राहणारे सहा तरुण मित्रमैत्रिणी, सगळे गोरे. तिचे नाव 'फ्रेंड्स'. दोन्ही मालिका वॉर्नर ब्रदर्सच्याच. एनबीसीने 'फ्रेंड्स'ला दोन लोकप्रिय मालिकांच्या मधोमध बसविले, भक्कम जाहिरात केली, देशभरातील आपली मजबूत केंद्रे दिली. पहिल्याच हंगामात ती आठव्या क्रमांकावर गेली. 'लिव्हिंग सिंगल' कृष्णवर्णीय घरांत अत्यंत लोकप्रिय होती, पण एकूण यादीत खाली राहिली आणि १९९८ च्या पहिल्याच दिवशी संपली. 'फ्रेंड्स' चांगली मालिका नव्हती असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की दोन धावपटूंपैकी एकाला पंचवीस पावले पुढे उभे करून शर्यत लावायची आणि नंतर निकालाला गुणवत्ता म्हणायचे, हा खेळ आम्हाला ओळखीचा आहे.

परिणामी एकाच देशात दोन याद्या तयार झाल्या. दशकाच्या अखेरीस 'द स्टीव्ह हार्वे शो' कृष्णवर्णीय घरांत अव्वल होता आणि गोऱ्या घरांच्या यादीत शंभराच्याही पुढे. गोऱ्यांची लाडकी 'फ्रेंड्स' कृष्णवर्णीय घरांच्या यादीत तेवढीच खोल. नेटवर्कचे लोक म्हणू लागले, पाहा, आवडीनिवडीच वेगळ्या, त्याला आम्ही काय करणार? पण 'ज्युलिया' आणि 'कॉस्बी'ला ज्यांनी वर नेले ते गोरे प्रेक्षक एका रात्रीत कोठे गेले? वाहिन्या वेगळ्या केल्या, वेळा वेगळ्या केल्या, जाहिराती वेगळ्या केल्या, मग आवडी वेगळ्या झाल्या. आधी वस्ती गावाबाहेर ढकलायची आणि मग म्हणायचे की यांना गावात राहायला आवडतच नाही.

१९९९ च्या शरदात कळस झाला. चार मोठ्या नेटवर्कनी त्या हंगामासाठी जाहीर केलेल्या २६ नव्या मालिकांपैकी एकीतही प्रमुख भूमिकेत अल्पसंख्याक समाजाचा माणूस नव्हता. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या सर्वात जुन्या संघटनेचे अध्यक्ष क्वेसी एमफुमे यांनी जुलैच्या अधिवेशनात हा आकडा जाहीरपणे मांडला आणि बहिष्काराचा व न्यायालयीन लढाईचा इशारा दिला. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, एक आकडा होता. २००० च्या सुरुवातीला चारही नेटवर्कना लेखक, दिग्दर्शक, अधिकारी आणि पुरवठादार यांच्यात विविधता आणण्याचे करार करावे लागले. करार किती पाळले गेले हा वेगळा विषय आहे. परंतु मागणी फक्त पडद्यावरील चेहऱ्यांची नव्हती, लिहिणाऱ्या हातांची आणि निर्णय घेणाऱ्या खुर्च्यांचीही होती, ही त्या लढ्याची खरी समज होती.

याच वर्षी, १९९९ मध्ये, अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगासाठी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो रेडिओविषयीचा होता. त्यात दिसून आले की कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक श्रोत्यांची केंद्रे लोकप्रियतेत पुढे असूनही त्यांना दर श्रोत्यामागे कमी जाहिरात मिळते. काही जाहिरातदार तर स्पष्ट सूचना देत की अशा केंद्रांवर आमची जाहिरात नको. एका जाहिरात विक्री संस्थेच्या अंतर्गत टिपणात तर ग्राहक होऊ शकणारे श्रोते आणि संशयित वाटणारे श्रोते असा फरक करून दाखविला होता. आयोगाने २००७ मध्ये अशा भेदभावी अटींना बंदी घालण्याचा नियम केला. बाजाराला रंग दिसत नाही, त्याला फक्त नफा दिसतो, असे सांगणाऱ्या विद्वानांनी हा अभ्यास जरूर वाचावा. बाजार नफाच पाहतो, हे खरे. पण कोणाच्या खिशात नफा आहे याची त्याची कल्पना मात्र जुन्या पूर्वग्रहांतूनच आलेली असते.

मग यंत्राचाच प्रश्न आला. २००४ मध्ये नील्सनने न्यूयॉर्कसारख्या शहरांत स्थानिक रेटिंगसाठी नवी मीटर आणली. चाचणीत कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक प्रेक्षकांच्या मालिकांचे आकडे घसरले. त्या घरांतील मीटरच्या नोंदी सदोष म्हणून बाद होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते. 'आम्हाला मोजणीतून वगळू नका' अशा नावाची आघाडी उभी राहिली, मोर्चे निघाले, जाहिराती झाल्या, लोकप्रतिनिधींनी पत्रे लिहिली. नील्सनचे म्हणणे होते की प्रेक्षक केबलकडे वळला आहे आणि नवे यंत्र ते अचूक टिपते. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण या कथेला दुसरी बाजू आहे. त्या आघाडीला पैसा पुरवीत होती मर्डोक यांची न्यूज कॉर्पोरेशन, कारण नव्या मोजणीत तिच्याच केंद्रांचे आकडे घसरत होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्या चार मालिका एका फटक्यात बंद केल्या, त्यांच्याच नावाने आता गळा काढला जात होता. मागणी न्याय्य, पण झेंड्याची काठी भांडवलदाराच्या हातात! चळवळीच्या माणसाने हे उदाहरण मनात कोरून ठेवावे. आपला प्रश्न खरा असतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसून स्वतःचा फायदा साधणारेही जमतातच.

२००६ मध्ये यूपीएन आणि डब्ल्यूबी बंद होऊन दोन्हींचे मिळून सीडब्ल्यू हे एक नेटवर्क झाले. यूपीएनच्या काही कृष्णवर्णीय मालिका नव्या घरात आल्या, पण पाहुण्यासारख्या. २००० पासून चाललेली 'गर्लफ्रेंड्स' २००८ मध्ये शेवटचा भागही न दाखविता बंद केली. तिच्यातून निघालेली 'द गेम' तीन हंगामांनंतर २००९ मध्ये काढून टाकली. कारण तेच, आकडे पुरेसे नाहीत. प्रेक्षकांनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी बीईटी या कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या केबल वाहिनीने ती मालिका उचलली. ११ जानेवारी २०११ रोजी ती परतली आणि त्या रात्री ७७ लाख लोकांनी ती पाहिली. केबलवर एखाद्या विनोदी मालिकेच्या आरंभाचा तो विक्रम होता. सीडब्ल्यूवर असताना ती या आकड्याच्या आसपासही गेली नव्हती. कथा तीच, पात्रे तीच, दोन वर्षांचा खंड पडलेला. बदलले फक्त घर. परतणाऱ्या मालिकेचा प्रेक्षक गळतोच, हा बाजाराचा नियम येथे उलटा झाला. म्हणजे आकडे मालिकेत कमी नव्हते, ते मिळविण्याची इच्छा मालकात कमी होती.

त्यानंतर थोडी कवाडे उघडली. शोंडा ऱ्हाइम्स यांच्या 'स्कँडल'ने २०१२ मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांनी नेटवर्कवरील नाट्यमालिकेला कृष्णवर्णीय नायिका दिली. २०१४ च्या शरदात 'ब्लॅकिश' आणि 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' या दोन नव्या मालिका तगल्या. दुसऱ्या मालिकेच्या नायिका व्हायोला डेव्हिस यांना २०१५ मध्ये नाट्यमालिकेतील सर्वोत्तम अभिनेत्रीचा एमी मिळाला. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. जानेवारी २०१५ मध्ये फॉक्सवर 'एम्पायर' आली. पहिल्या भागाला ९९ लाख प्रेक्षक होते. नवी मालिका दुसऱ्या आठवड्यात घसरते हा नियम मोडून ती दर आठवड्याला चढत गेली आणि मार्चमधील अखेरच्या तासाला १ कोटी ७६ लाखांवर पोचली. शरदात परतली तेव्हाही १ कोटी ६० लाखांहून अधिक लोक तिच्यासाठी बसले होते. पुढे तीही दरवर्षी घसरत गेली आणि २०२० मध्ये संपली. हे घसरणे नैसर्गिक आहे, सर्वच मालिकांचे होते. समान संधी मिळाली की यशही सारखे आणि उतारही सारखा, एवढेच त्यातून सिद्ध होते. आम्हाला कोणी अमर करावे अशी मागणी कधीच नव्हती.

आता तर तराजूच बदलला आहे. पूर्वी दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचा निकाल कळत असे. आता प्रेक्षक सवडीने पाहतो, म्हणून सात दिवसांचा, पस्तीस दिवसांचा आकडा काढतात. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली 'अ‍ॅबट एलिमेंटरी' ही क्विंटा ब्रन्सन यांची, फिलाडेल्फियातील गरीब मुलांच्या सरकारी शाळेवरील मालिका अशाच मोजणीत उभी राहिली. पहिल्या रात्रीच्या आकड्यावर निकाल दिला असता तर ती कदाचित साधारणच ठरली असती. नंतर पाहणाऱ्यांची भर पडून तिचे रेटिंग कित्येक पटींनी वाढले. २०२५ च्या शरदात ती पाचव्या हंगामासाठी परतली. मोजण्याची खिडकी रुंद केली की न दिसणारी माणसे दिसू लागतात.

परंतु धोकाही वाढला आहे. साथीच्या काळात नील्सनने प्रेक्षक कमी मोजल्याचे आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मीडिया रेटिंग कौन्सिलने तिच्या राष्ट्रीय मोजणीची मान्यता स्थगित केली. ती २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. त्याच २०२३ च्या शरदात लेखक आणि कलाकार संपावर असल्याने नव्या मालिकांचा हंगामच कोरडा गेला आणि नेटवर्कनी रिअ‍ॅलिटी कार्यक्रम व जुन्या मालिका दाखवून दिवस काढले. लेखणी खाली ठेवली की कोट्यवधींचा बाजार कसा थांबतो, हेही त्या शरदाने दाखविले. मे २०२५ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून पाहण्याचे प्रमाण नेटवर्क आणि केबल या दोहोंच्या बेरजेपेक्षा प्रथमच जास्त झाले. या नव्या कंपन्यांकडे घराघरांतील प्रत्येक सेकंदाची नोंद आहे, पण तिचा कोणता भाग उघड करायचा हे त्याच ठरवितात. नील्सनच्या मीटरवर निदान मोर्चा काढता येत होता. कंपनीच्या तिजोरीतील आकड्यावर मोर्चा कोठे काढणार?

या सर्वांशी आपला संबंध दूरचा नाही. भारतात टीआरपी मोजणारी टॅम ही कंपनी नील्सन आणि कांटार यांच्या भागीदारीतूनच चालत होती. तिची मीटर वर्षानुवर्षे प्रामुख्याने एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत होती. खेडी या मोजणीत नव्हती. म्हणजे ज्या देशात बहुसंख्य लोक खेड्यात राहतात, तेथे देश काय पाहतो हे शहरांतील काही हजार घरे ठरवीत होती. शेतमजूर, ऊसतोड कामगार, गावकुसाबाहेरची वस्ती यांनी पाहिलेल्या कार्यक्रमाचे रेटिंग शून्य, कारण पाहणारेच हिशेबात नव्हते. बार्कने २०१५ मध्ये मोजणी हाती घेतली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण आकडे येऊ लागले, तेव्हा मोफत दिसणाऱ्या वाहिन्या अचानक यादीत वर चढल्या. प्रेक्षक अचानक जन्माला आला नव्हता. तो होताच. त्याला मोजले गेले, एवढेच. आणि २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदविला तेव्हा थोड्या घरांवर मोठा निकाल टांगला की त्या घरांना पैसे चारण्याचा मोह कसा होतो, यावरही देशभर चर्चा झाली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे पाठविलेल्या निवेदनाची प्रत मागविली होती. ड्युबॉईस हे एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक. एका पीडित समाजाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी यावा, ही त्यामागची दृष्टी होती. त्याच दृष्टीने एनएएसीपीची पुढची वाटचाल पाहावी. १९९९ मध्ये तिने नेटवर्कच्या दारात उभे राहून जाब विचारला. २०२० मध्ये तिने सीबीएसच्या स्टुडिओबरोबर निर्मितीचा करार केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या भागीदारीतून 'बियाँड द गेट्स' ही कृष्णवर्णीय कुटुंबावरील दैनंदिन मालिका सीबीएसवर सुरू झाली. जाब विचारणारे निर्माते झाले. भागीदारी मोठ्या कंपनीशी आहे, तिच्या मर्यादा आहेत, सावध राहावेच लागेल. पण कथा कोण सांगणार या प्रश्नाचे उत्तर त्यांनी केवळ मागून घेतले नाही, काही अंशी आपल्या हातात आणले.

दरवर्षी शरदात अमेरिकेतून आकडे येतील. अमुक नवी मालिका जिंकली, तमुक जुनी मालिका कोसळली, असे मथळे छापले जातील. ते वाचताना तीन प्रश्न विचारावेत. यात कोणाची घरे मोजली? मोजलेल्या माणसाला भाव किती लावला? आणि हरलेल्या मालिकेला पळण्यासाठी वाट तरी मोकळी दिली होती का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत त्या आकड्याला कोणी जनतेचा कौल म्हणू नये.